टिळकवाडी : एका उपनगराची जडणघडण

शहराचा इतिहास लिहावयास घेतला की लेखणी प्रथम किल्ल्याकडे वळते. बेळगावच्या बाबतीतही तसेच घडले आहे. रट्टांच्या काळातील कमल बस्ती, किल्ल्याचा खंदक, इंग्रजांनी वसविलेला कॅम्प, सांगली संस्थानाच्या अमलाखालील शहापूरची पेठ यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रेल्वेमार्गालगत वसलेल्या टिळकवाडीच्या वाट्याला मात्र फारसे लेखन आलेले नाही. येथे ना तट, ना बुरूज, ना एखाद्या राजाचा शिलालेख. घरे बांधून राहणाऱ्या मध्यमवर्गीय माणसांची ही वसाहत. तथापि गेल्या शतकातील बेळगावचे सार्वजनिक जीवन समजून घ्यावयाचे असेल, तर किल्ल्याइतकेच या उपनगराकडेही वळणे आवश्यक आहे.

प्रारंभ नावापासूनच करू. पत्त्यावर आपण 'टिळकवाडी' असे लिहितो. पण येथील जुन्या शाळेच्या नावात 'ठळकवाडी' हे रूप अद्याप टिकून आहे. एकाच वस्तीची ही दोन नावे शेजारी शेजारी नांदत आहेत. लोकमान्यांचे नाव या शहराला परके नव्हते. एप्रिल १९१६ मध्ये त्यांच्या होमरूल लीगची स्थापना बेळगाव येथेच झाली. पुढे येथील रस्त्यांनाही त्याच परंपरेतील नावे लाभली. लोकमान्यांच्या नावाच्या वाडीत आगरकरांच्या नावाचाही रस्ता असावा, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. हयातीत ज्यांचे टोकाचे मतभेद झाले, ते दोघे येथे एकाच पत्त्यात एकत्र आले. सोमवार पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ ही नावे ऐकताच पुण्याचे स्मरण होते. सावरकर रस्ता आहे, तसा रॉय रस्ताही आहे. या नावांतून वस्तीचा वैचारिक कल जसा उमगतो, तसाच तिचा उदारपणाही.

१८८७ मध्ये बेळगावला रेल्वे आली. तिने वस्तीला आणखी एक खूण दिली. 'पहिले गेट', 'दुसरे गेट', 'तिसरे गेट' ही फाटकांची नावे पुढे वस्तीचीच नावे बनली. पाहुण्याला घर सांगताना पेठेआधी गेटाचा क्रमांक सांगण्याची येथे रीतच पडली.

टिळकवाडीच्या चरित्रातील सर्वांत तेजस्वी पर्व अर्थातच १९२४ चे. त्या वर्षी २६ व २७ डिसेंबर रोजी काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. त्याच्या उभारणीमागे गंगाधरराव देशपांडे यांचे नेतृत्व होते, तर स्वयंसेवकांची व्यवस्था डॉ. ना. सु. हर्डीकरांनी सांभाळली. अधिवेशनाच्या नगरीस 'विजयनगर' असे नाव दिले होते. बालवयातील गंगूबाई हनगल यांनी या अधिवेशनात स्वागतगीत गायिले, हेही संगीतप्रेमी वाचकांना ठाऊक असेल. हजारोंच्या समुदायाला पाणी पुरविण्यासाठी विहीर खोदण्यात आली. तिच्यासाठी ४,३७० रुपये ३ आणे खर्च आल्याची नोंद सांगितली जाते. तिला 'पंपा सरोवर' म्हटले गेले, आणि लोकांच्या तोंडी ती 'काँग्रेस विहीर' झाली.

मंडप उतरले, राहुट्या गेल्या, पुढारी आपापल्या गावी परतले. मागे राहिले दोनच अवशेष : काँग्रेस रस्ता हे नाव आणि ही विहीर. वीरसौध हे स्मारक फार नंतरचे. १९९५ साली शहरात पाण्याची तीव्र टंचाई निर्माण झाली, तेव्हा जुन्या विहिरी उपसून पुन्हा उपयोगात आणण्यात आल्या. त्यांत ही विहीरही होती. दोन दिवसांच्या सभेसाठी खोदलेले पाणी सत्तर वर्षांनंतर नागरिकांच्या घागरीत पडले! सार्वजनिक कार्य कसे असावे, याचा याहून बोलका दाखला शोधूनही सापडणार नाही.

शिक्षणाच्या क्षेत्रात साउथ कोकण एज्युकेशन सोसायटीने १९४५ मध्ये सुरू केलेल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयाने या उपनगराला वेगळीच प्रतिष्ठा मिळवून दिली. पु. ल. देशपांडे यांनी काही काळ येथे अध्यापन केले. महाविद्यालयामुळे प्राध्यापक आले, विद्यार्थ्यांना खोल्या देणारी घरे आली आणि पुस्तकांची मागणीही वाढली. मराठी, कन्नड आणि कोकणी अशा तिन्ही भाषा येथे एका भिंतीच्या अंतरावर बोलल्या जातात. १९२४ साली कर्नाटक एकीकरणाची परिषद बेळगावात भरली. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला तोही येथेच. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर या दोन्ही आकांक्षांचा ताण या शहराने सोसला आहे. आपला हक्क मांडतानाही शेजारधर्म न सोडणे, हे या वस्तीचे खरे संचित होय.

आज हे संचित डोळ्यांदेखत विरळ होत आहे. मंगळुरी कौलांची बैठी घरे, परसातील फणस आणि आड जाऊन तेथे बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. काळाची गरज म्हणून ते मान्य करावे लागेल. परंतु घर पाडण्यापूर्वी माळा रिकामा करताना जी जुनी पत्रे, गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावत्या, नाटकांची हस्तपत्रके, शाळांची स्नेहसंमेलनांची छायाचित्रे रद्दीत जातात, त्यांची भरपाई कोणतीही इमारत करू शकत नाही. राजांचा इतिहास ताम्रपटांवर राहतो. उपनगराचा इतिहास अशाच कागदांवर असतो.

ग्रंथालयाचे कार्य केवळ छापील पुस्तके देण्या-घेण्यापुरते नसते. शताब्दीच्या या शुभप्रसंगी सभासदांनी व आश्रयदात्यांनी घरातील असे कागद ग्रंथालयाच्या स्वाधीन करावेत, त्यावर नाव, पेठ आणि साल नोंदवावे, आणि चालकांनी त्यांसाठी एक कपाट राखून ठेवावे, अशी नम्र विनंती आहे. टिळकवाडीचा सविस्तर इतिहास पुढे जो कोणी अभ्यासक लिहील, त्याला प्रथम त्या कपाटाचीच किल्ली मागावी लागेल.