दूरचा डॉक्टर आणि रोग्याची जबानी



व्हिडिओवरून डॉक्टरांना भेटण्यापूर्वी रोग्याने काय तयारी करावी, हा विषय इतिहासाचा कसा, असे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल. गोष्ट तर कालपरवाची. २०२० सालच्या टाळेबंदीत, २५ मार्चला, सरकारने दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध केले, आणि पुढच्याच महिन्यात ई-संजीवनीची बाह्यरुग्ण सेवा घरबसल्या मिळू लागली. परंतु डॉक्टर एका गावी, रोगी दुसऱ्या गावी आणि दोघांच्या मध्ये फक्त शब्द, हा प्रकार फोनपेक्षा फार जुना आहे. मी वैद्य नव्हे. दहावीत गचकलो आणि सूतगिरणीला लागलो. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयात झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात पंडिताची शिस्त सापडणार नाही, ती शोधूही नये.

अठराव्या शतकात स्वित्झर्लंडातल्या लोझान गावी सॅम्युएल ओग्युस्त तिसो नावाचा डॉक्टर होता. युरोपातून लोक त्याला आपले दुखणे पत्राने कळवीत आणि तो पत्रानेच औषध सांगे. अशी हजाराहून अधिक पत्रे लोझानला आजही जपलेली आहेत. १७६१ साली त्याने सामान्य जनांच्या आरोग्यावर एक पुस्तक लिहिले, ते अनेक भाषांत गेले. त्या पुस्तकात एक प्रकरण असे आहे, की आजच्या दवाखान्याच्या भिंतीवर लावावे. डॉक्टरचा सल्ला घेण्यापूर्वी कोणकोणत्या प्रश्नांची उत्तरे तयार हवीत, त्याची ती यादी आहे. वय काय, आधी प्रकृती कशी होती, दुखणे केव्हा आणि कसे सुरू झाले, ताप आहे का, दिवसभर सारखेच वाटते की कमीजास्त होते, झोप, तहान, जिभेची चव, शौच, लघवी, श्वास. आतापर्यंत कोणती औषधे घेतली आणि त्यांनी काय झाले. बाया आणि मुले यांच्यासाठी आणखी निराळे प्रश्न. अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, पण यातला एकही प्रश्न शिळा झालेला नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. हे पुस्तक लोकांच्या आरोग्याचे खरे, पण ते ज्यांच्या हाती पडावे म्हणून लिहिले ते गावचे धर्मगुरू, जमीनदार, शाळामास्तर. शेतकऱ्याला लिहिता येत नव्हते. म्हणजे पोट दुखायचे एकाचे आणि पत्र लिहायचे दुसऱ्याने! त्या दुसऱ्याच्या लेखणीतून काय गळून पडत असेल, याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. तो करण्याची पाळी माझ्यावर कशी आली, ते पुढे सांगतो.

त्या काळी पत्राने इलाज चाले याचे कारण असे, की समोर बसलेला डॉक्टरदेखील मुख्यतः रोग्याच्या सांगण्यावरच चाले. नाडी पाही, लघवी पाही; अंगाला हात फारसा लावीत नसे. योगायोग असा, की १७६१ सालीच व्हिएन्नात आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टरने छातीवर बोटे ठोकून आतला रोग ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. हा खानावळवाल्याचा मुलगा. बापाची पिंपे भरली की रिकामी, हे ठोकून पाहण्यावरून ही युक्ती सुचली, असे सांगतात. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेकने कागदाची सुरळी करून एका तरुणीच्या हृदयाचे ठोके ऐकले, त्यातून स्टेथोस्कोप आला. मग थर्मामीटर आला, क्ष-किरण आले. वैद्यक पुढे गेले यात शंका नाही. या शोधांनी लाखोंचे प्राण वाचविले. पण रोग्याच्या जबानीचा भाव उतरला. शरीर बोलते आहे, तर माणसाला काय विचारायचे? व्हिडिओने डॉक्टरचा हात पुन्हा काढून घेतला आहे. छाती ठोकता येत नाही, पोट दाबता येत नाही. राहते ती जबानी. म्हणून तिसोची यादी पुन्हा कामाची झाली.

या यादीत माझ्या दृष्टीने एक प्रश्न ठळकपणे नाही, आणि तो तिसोच्या आधी साठ वर्षे एका इटालियन डॉक्टरने विचारून ठेवला होता. मोदेनाचा बर्नार्दिनो रामात्सिनी. १७०० साली त्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि डॉक्टरांना बजावले, की जुन्या ग्रंथांतल्या प्रश्नांत एकाची भर घाला: तुझा धंदा कोणता? मजुराच्या घरी गेल्यावर सोन्याच्या मुलाम्याची खुर्ची नसेल तर तिपाईवर बसा, पण बसा आणि सावकाश विचारा, असेही तो सांगतो. अंबाडी आणि जवसाचा धागा पिंजणाऱ्यांना धुळीने खोकला व दमा कसा जडतो, हे त्याने नोंदले आहे.

हे मी वाचले ते उशिरा. २०२१ साली आमच्या भागातल्या एका सूतगिरणीचा कामगार, कार्डिंग खात्यातला, धाप लागते म्हणून कचेरीत आला. बरोबर त्याची बायको. मी व्हिडिओची वेळ ठरविली, कागदावर सगळे लिहून काढले: वय, ताप नाही, खोकला किती दिवस, गोळ्या कोणत्या. तो म्हणाला, ‘भाऊ, खात्याचं नाव नका सांगू. कागदावर आलं की गिरणीत कळतं, मग मला काढतील.’ मी मान हलविली. तीस वर्षे धुळीविरुद्ध घोषणा देणारा मी, मान हलविली! डॉक्टरीणबाई पडद्यावर आल्या आणि मी सवयीने त्याच्या वतीने घडाघडा बोलू लागलो. दोन मिनिटे त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ‘तुम्ही जरा बाजूला व्हा, त्यांना बोलू द्या. काका, तुम्ही काम काय करता?’

कोणी बोलेना. शेवटी बायकोच पुढे सरली. ‘कार्डिंगला आहेत. टाळेबंदीत गिरणी बंद होती तवा चांगले होते बघा. आता सुटीच्या दिवशी बरे असतात, आणि सुटी संपून पहिल्या पाळीला गेले की छातीवर कुणी पाय दिल्यागत होतं. रात्री बसून झोपतात.’

कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या रोगाची खूण नेमकी हीच आहे. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. माझ्या कागदावर वीस ओळी होत्या, त्यांत ही नव्हती. डॉक्टरीणबाईंनी फुंकून श्वास मोजण्याच्या तपासणीसाठी प्रत्यक्ष बोलाविले आणि चिठ्ठीवर खात्याचे नाव घातले. आपल्या कायद्याने हा रोग कामामुळे होणारा म्हणून मानलेला आहे, त्याची भरपाई मागता येते; पण मागताना पहिला सवाल येतो, डॉक्टरांना हे पूर्वी कधी सांगितले होते का? ती चिठ्ठी आमच्या दाव्याला जोडलेली आहे.

त्याची भीतीही खोटी नव्हती, हे सांगितले पाहिजे. त्याला कार्डिंगमधून काढून फाटकावर बसविले, पगार उतरला. महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. धाप मात्र कमी आहे.

आता कचेरीत आम्ही एक वही ठेविली आहे. व्हिडिओच्या आदल्या संध्याकाळी रोगी आणि घरचे माणूस बसतात. औषधांची पाकिटे, जुने रिपोर्ट पुढ्यात. खिडकीकडे तोंड करून कसे बसायचे, फोन चार्ज आहे का, हे पोरे बघतात. तिसोचे प्रश्न मी मराठीत उतरवून पुठ्ठ्यावर चिकटविले आहेत, वर पहिल्या ओळीत रामात्सिनीचा. लिहिण्याचे काम माझे. बोलायची वेळ आली की मी फोन त्यांच्या हाती देतो आणि बाहेर पायरीवर जाऊन बसतो.