देशी की आंतरराष्ट्रीय?

बुद्धिबळाच्या पटावर दोघांची हुज्जत झाली की आपण लगेच म्हणतो, एकाने लबाडी केली असणार. पुष्कळदा तसे काही नसते. दोघेही प्रामाणिक असतात, फक्त ज्याने त्याने खेळ शिकताना निराळे नियम शिकलेले असतात. हे वाद आजचे नव्हेत.

आपल्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीलाही साधारणपणे एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला, तोवर शह बसला नसेल तर, एकदा घोड्यासारखी उडी मिळे. प्यादे शेवटच्या घरात पोचले की ते घर ज्या मोहऱ्याचे, तेच मोहरे व्हायचे. दर वेळी वजीर मागायची सोय नव्हती. आणि शह नाही, पण हलायला घरही नाही, अशा राजाचे काय करायचे, याचे उत्तर तर प्रांतागणिक निराळे!

सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी 'भगवंतभास्कर' हा ग्रंथ रचला. हे घराणे मूळचे आपल्या पैठणचे. या ग्रंथातला 'व्यवहारमयूख' इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयांत वारसाहक्काच्या दाव्यांत प्रमाण मानला जाई. त्याच ग्रंथातल्या 'नीतिमयूखा'त बुद्धिबळाचेही वर्णन आहे. वाटण्यांचे तंटे सोडवणाऱ्या शास्त्र्याला या खेळाचीही दखल घ्यावीशी वाटली! नोकरीत रोज नियमावल्या चाळणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला याचे फार अप्रूप वाटते.

पण ग्रंथात काहीही असो, खेळ चालतो तो ओट्यावर. जुन्या भोपाळमध्ये दुकानांपुढे दगडी फरशा असतात, त्यांना तिथे 'पटिये' म्हणतात. रात्री त्यांवर गप्पा आणि बुद्धिबळाचे डाव रंगण्याची तिथली परंपरा जुनी आहे. तिथे ना पंच, ना घड्याळ. बघे मात्र भरपूर, आणि प्रत्येकाला एक सल्ला द्यायचा असतो. अशा जागी खेळ टिकतो तो एकमेकांच्या अदबीवरच.

याच भोपाळचे मोहम्मद रफीक खान. पोटापाण्यासाठी सुतारकाम करणारा हा खेळाडू १९८० च्या माल्टा ऑलिंपियाडमध्ये वैयक्तिक रौप्यपदक मिळवून आला. २०१९ मध्ये ते गेले. त्यांचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

माल्टासारख्या ठिकाणी देशी-परदेशी असा वाद उद्भवतच नाही. १९२४ मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या 'फिडे'चे नियम सगळ्यांना सारखेच. पंजाबचे सुलतान खान देशी नियमांवर वाढले. विलायती नियम त्यांनी मोठेपणी शिकले, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली. आपला तोच नियम खरा, असे धरून बसते तर इंग्लंडच्या पटावर त्यांना बसताच आले नसते.

आणि गंमत पाहा, या छापील नियमांतही अदब आहेच. मोहरे नुसते नीट ठेवायचे असेल तर आधी 'जादूब' म्हणजे 'सारखे करतो' असे सांगायचे. शंका आली तर प्रतिस्पर्ध्याशी न भांडता घड्याळ थांबवून पंचाला बोलवायचे. २०२५ मध्ये आपल्या गोव्यात विश्वचषक झाला तेव्हाही रीत हीच होती.

आपल्या ओट्यावर पंच नसतो, म्हणून ते काम दोघांनी वाटून घ्यायचे. पहिले प्यादे हलण्याआधी विचारावे, "देशी की आंतरराष्ट्रीय?" विचारायचे राहिले आणि मध्येच अडले, तर ती खेळी मागे घेऊन नियम ठरवावा आणि डाव पुढे न्यावा. ठरवताना 'माझा फायदा कशात' हा प्रश्न मात्र बाजूला ठेवावा. ते जमत नसेल तर बघ्यांपैकी दोघांना मान्य असलेल्या एकाचे ऐकावे. त्यात एखादा वजीर जाईल. जाऊ दे. उद्या संध्याकाळी समोर बसायला तोच माणूस हवा आहे ना?