आहारविकारांतून बरे होण्याची प्रेरणा

आहारविकारांतून बरे होण्याची प्रेरणा म्हणजे ॲनोरेक्सिया नर्व्होसा, बुलिमिया नर्व्होसा, अतिभक्षण विकार यांसारखे आजार असलेल्या व्यक्तीची, खाणे व वजन यांविषयीच्या आपल्या वर्तनात बदल करण्याची इच्छा आणि तयारी होय. ही प्रेरणा स्थिर नसते. बरे होण्याची ओढ आणि आजार सुटण्याची भीती एकाच व्यक्तीत एकाच वेळी असू शकतात. म्हणून आधुनिक मानसोपचारात ही द्विधा मनःस्थिती हट्ट किंवा असहकार न मानता आजाराचेच एक अंग मानली जाते.

पार्श्वभूमी

ॲनोरेक्सियाची आधुनिक वैद्यकीय वर्णने १८७३ मध्ये फ्रान्समधील शार्ल लासेग आणि इंग्लंडमधील विल्यम गल यांनी स्वतंत्रपणे मांडली. रुग्णाला आपल्या अवस्थेची फारशी चिंता वाटत नाही, हे लासेग यांनी तेव्हाच नोंदवले होते. बुलिमिया नर्व्होसाचे वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले.

द्विधा मनःस्थितीची कारणे

बहुतेक आजारांत रुग्णाला लक्षणे नकोशी वाटतात. ॲनोरेक्सियात मात्र उपासमार ही अनेकदा संयमाची, सुरक्षिततेची किंवा स्वतःच्या ओळखीची खूण वाटते. आजार सोडणे म्हणजे स्वतःचाच एखादा भाग गमावणे, असे रुग्णाला वाटू शकते. बुलिमियात स्थिती वेगळी असते. खाण्यावरचा ताबा सुटण्याचे झटके थांबावेत असे रुग्णाला मनापासून वाटते, परंतु कडक पथ्य सोडण्याची तयारी नसते. प्रत्यक्षात हे पथ्यच पुढच्या झटक्याला पोषक ठरते.

उपासमारीचा मनावर होणारा परिणाम हेही एक कारण आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी पुरुष स्वयंसेवकांवर अर्धउपासमारीचा प्रयोग केला. त्यांच्यात अन्नाचा सतत विचार, चिडचिड, उदासीनता आणि लोकांपासून दूर राहण्याची वृत्ती दिसून आली. आहार वाढवल्यावरही हे बदल लगेच ओसरले नाहीत. कुपोषित मनाला बदलाचा विचार करणेच अवघड जाते, हे यावरून समजते.

प्रेरणेचे टप्पे

जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटी यांनी धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून मांडलेले बदलाचे टप्पे आहारविकारांनाही लावले जातात. बदलाचा विचारही नसणे, विचार सुरू होणे, तयारी, कृती आणि बदल टिकवणे, असे हे टप्पे आहेत. व्यक्ती त्यांतून सरळ रेषेत पुढे जातेच असे नाही. शिवाय एकाच व्यक्तीची तयारी प्रत्येक लक्षणाबाबत वेगळी असू शकते.

उपचारांतील स्थान

विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केलेल्या प्रेरक मुलाखतीत समुपदेशक उपदेश किंवा वाद टाळतो आणि बदलाची कारणे रुग्णाच्याच तोंडून येऊ देतो. लंडनमध्ये जॅनेट ट्रेझर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना आपल्या ॲनोरेक्सियाला दोन पत्रे लिहायला सांगितली, एक मित्र समजून आणि दुसरे शत्रू समजून. आजार रुग्णाला काय देतो आणि काय हिरावून घेतो, हे अशा लेखनातून उघड होते. मात्र ॲनोरेक्सियात केवळ प्रेरणा वाढवल्याने वजन सुधारते, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही.

त्यामुळे प्रेरणा निर्माण होईपर्यंत उपचार थांबवून ठेवणे योग्य मानले जात नाही. किशोरवयीन रुग्णांच्या कुटुंबाधारित उपचारात प्रारंभी जेवणाची जबाबदारी पालक घेतात. मुलाची स्वतःची तयारी ही त्यासाठी पूर्वअट नसते. लंडनमधील मॉड्स्ली रुग्णालयाच्या १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लहान वयात सुरू झालेल्या आणि फार काळ न लोटलेल्या ॲनोरेक्सियात कौटुंबिक उपचार अधिक उपयुक्त ठरले. रुग्णालयात दाखल होताना त्याची गरज नाकारणाऱ्या काही रुग्णांनी दोन आठवड्यांतच ती मान्य केल्याचेही एका अमेरिकी अभ्यासात आढळले. म्हणजे काही वेळा प्रेरणा उपचाराच्या आधी नव्हे, तर उपचार सुरू झाल्यावर येते.

भारतातील संदर्भ

भारतातील काही रुग्णांत लठ्ठ होण्याची भीती दिसत नाही. ते न खाण्याचे कारण पोटाच्या तक्रारी किंवा भूक नसणे असे सांगतात. अशा वेळी वजनाच्या भीतीवर चर्चा करण्यापेक्षा रुग्णाला स्वतःला जाणवणारा त्रास हाच संवादाचा आरंभबिंदू ठरू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ नुसार, विहित निकष पूर्ण होत असल्यास नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून रुग्णाला मर्यादित काळासाठी दाखल करता येते. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी मोफत सल्ला मिळतो.