टिपण ते सिव्हिल थ्रीडी : माप राहते कुठे?

आजचा विषय ऐकायला अगदी तांत्रिक वाटेल. जमीन मोजणीचे नकाशे काढणारी सॉफ्टवेअर कशी बदलत गेली, आणि जुन्यावरून नव्यावर जाताना आपल्या हाती काय आले, काय निसटले, हे आज आपण पाहणार आहोत. विषय संगणकाचा असला तरी सुरुवात साखळीपासून करू, कारण आपला प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. नकाशा तर कागदावर दिसतो. पण ज्या मापावरून तो काढला, ते माप कुठे राहते?

१८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर भागात जमिनीच्या मोजणीचे आणि आकारणीचे काम हाती घेतले. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याच्या मोजणी पद्धतीला पक्के रूप दिले. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. भूकरमापक शेतातून एक सरळ रेषा धरायचा, शंकूने काटकोन साधायचा, बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचे अंतर मोजायचा आणि ते आकडे एका कच्च्या आकृतीवर लिहून ठेवायचा. हेच टिपण.

आता टिपण दिसायला कसे असते? ओबडधोबड. ते प्रमाणात काढलेले नसते, त्यामुळे त्यावर पट्टी ठेवून काही उपयोग नाही. पण त्यात आकडे असतात. नकाशाचा कागद आकसला, फाटला, तरी टिपणावरून शेताची आकृती पुन्हा काढता येते. म्हणूनच हद्दीचा वाद उभा राहिला की आजही जुने टिपण शोधले जाते. नकाशा हे चित्र आहे, टिपण हा पुरावा आहे. एवढा फरक लक्षात ठेवून आपण पुढे जाऊ.

संगणक या क्षेत्रात आला तो चित्रासाठी नव्हे, हिशेबासाठी. अमेरिकेत एमआयटीमध्ये चार्ल्स मिलर यांच्या पुढाकाराने 'कोगो' ही प्रणाली तयार झाली. कोन आणि अंतरे द्यायची, बिंदूंचे सहनिर्देशक मिळवायचे. नकाशा मात्र आरेखकाने हातानेच काढायचा. १९८२ मध्ये ऑटोकॅड आले आणि रेघा पडद्यावर उमटू लागल्या. पण ऑटोकॅडला फक्त रेघ कळायची. ती बांधाची आहे, नाल्याची आहे की विजेच्या तारेची, हे त्याच्या गावीही नव्हते.

ही उणीव भरून काढायला ऑटोकॅडच्या जोडीला चालणारी सॉफ्टवेअर निघाली. त्यांतले डीसीए नावाने सुरू झालेले पुढे सॉफ्टडेस्क झाले, आणि १९९७ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनीच विकत घेतली. त्यातूनच लँड डेस्कटॉप आले. मोजणीचे बिंदू, जमिनीचा चढउतार, रस्त्याची मध्यरेषा हे सगळे ते सांभाळायचे. पण कुठे सांभाळायचे? ड्रॉइंगमध्ये नाही, तर प्रोजेक्टच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. बिंदूंची यादी एका डेटाबेसमध्ये, जमिनीचा पृष्ठभाग दुसऱ्या फाइलींत. ड्रॉइंग म्हणजे त्या सगळ्याचे चित्र.

टिपण आणि नकाशा वेगळे ठेवण्याची आपली जुनी रीतच ही, नाही का? तिचे गुण आले, तसे दोषही आले. कुणी घाईत फक्त ड्रॉइंग फाइल पुढे पाठवली, की माप मागेच राहायचे. एखादा बिंदू दुरुस्त केला तर पृष्ठभाग पुन्हा बांधा, काँटूर पुन्हा काढा, छेद पुन्हा काढा. यातली एक पायरी विसरली तर नकाशा एक सांगणार आणि डेटाबेस दुसरेच.

२००४-०५ च्या सुमारास सिव्हिल थ्रीडी आले आणि त्याने ही रचनाच उलटी केली. बिंदू, पृष्ठभाग, मध्यरेषा, भूखंड या सगळ्यांना ड्रॉइंगमध्येच जागा मिळाली, आणि तीही एकमेकांशी जोडलेली. बिंदू हलला की काँटूर हलतात, छेद बदलतो, उंचीचे आकडेही बदलतात. ही सोय खरी आहे, तिला कमी लेखू नये. तरीही लोक लगेच वळले नाहीत. जुन्या कमांड हाताला बसल्या होत्या, नव्यात आधी स्टाइली बसवाव्या लागत, आणि मशीनही दणकट लागे. काही वर्षे दोन्ही सॉफ्टवेअर सोबत मिळत. जुनी कामे जुन्यात, नवी नव्यात, असा संसार अनेक कचेऱ्यांनी चालवला. २००९ ची आवृत्ती लँड डेस्कटॉपची शेवटची ठरली.

आणि मग नव्याची किंमत दिसू लागली. सिव्हिल थ्रीडीत माप चित्राच्या पोटात गेले. साध्या ऑटोकॅडमध्ये ती फाइल उघडली तर आकृती दिसते, तिच्यामागची जाण दिसत नाही. नव्या आवृत्तीत केलेले काम जुन्या आवृत्तीत धड वापरता येत नाही. म्हणजे आधी माप मागे राहायचे, आता ते कुलपात बसले.

यावर एक उतारा निघाला होता. २००२ मध्ये लँडएक्सएमएल १.० हे सामाईक रूप ठरले. बिंदू, पृष्ठभाग, मध्यरेषा साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायच्या, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरने त्या वाचाव्यात. लँड डेस्कटॉपमधली कामे सिव्हिल थ्रीडीत नेताना हा मार्ग उपयोगी पडला. ज्यांनी जुने सॉफ्टवेअर चालू असतानाच ही फाइल काढून ठेवली, त्यांची कामे वाचली. सॉफ्टवेअर बंद पडल्यावर ती काढायची कशातून?

म्हणून आमचे म्हणणे असे : सॉफ्टवेअर जरूर बदलावे, पण बदलण्याआधी टिपण काढून ठेवावे. टिपण म्हणजे बिंदू क्रमांक, पूर्व, उत्तर, उंची आणि 'बांधाचा कोपरा', 'विहीर', 'दगड' असे वर्णन, हे सगळे साध्या मजकुरात. सोबत यंत्रातली कच्ची नोंद, उंची कुठल्या खुणेवरून घेतली ते, आणि कुठली सहनिर्देशक पद्धत वापरली ते. सगळे मिळून फार तर चार फाइली होतील.

जमिनीचे वाद तीन-तीन पिढ्या चालतात, सॉफ्टवेअरची आवृत्ती दरवर्षी बदलते. नातू जेव्हा आजोबांच्या बांधाची मोजणी मागेल, तेव्हा त्याला चकचकीत नकाशा दाखवून भागणार नाही. तो आकडे मागेल. शंभर वर्षांपूर्वीच्या भूकरमापकाने ते शाईने लिहून ठेवले होते, आणि वाचायला डोळ्यांपलीकडे काही लागत नव्हते. आपल्या फाइलींबद्दल हेच म्हणता येईल का, हे प्रत्येक कचेरीने नवे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी तपासावे.