पोकळी गळते तेव्हा

गाझियाबादला वळसा घालून जाणाऱ्या हिंडन नदीच्या काठी एक जुनी फोरव्हील ड्राइव्ह गाडी गाळात रुतली आहे, अशी कल्पना करू. चालकाने दांडा ओढला, ट्रान्सफर केसने आपले काम केले, पुढच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा शाफ्ट फिरूही लागला. तरी डॅशबोर्डवरचा दिवा लागत नाही आणि पुढची चाके जागची हलत नाहीत. गिअरचे दात शाबूत आहेत, बेअरिंगही ठीक आहे. दोष आहे तो बोटाहूनही बारीक अशा एका रबरी नळीत, आणि त्या नळीत काहीही वाहत नाही. तिच्यात असते ती पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम. खरे तर ती असायला हवी होती.

ही नळी तिथे आली कशी, याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा त्या जीपच्या पुढच्या चाकांना सुटका नव्हती. गाडी मागच्या दोन चाकांवर चालत असली तरी पुढचे शाफ्ट, गिअर आणि डिफरन्शियल ही सारी वरात चाकांबरोबर निष्कारण फिरत राही. त्यात इंधन जाई, भाग झिजत. युद्धानंतर अमेरिकेत लष्कराच्या जुन्या जीप स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या आणि १९४८ मध्ये आर्थर वॉर्न यांनी त्यांच्यासाठी चाकाच्या मध्यभागी बसणारे, हाताने जोडता-सोडता येणारे हब बनवले. उपाय नामी होता. मात्र प्रत्येक वेळी चिखलात उतरून ते फिरवावे लागत.

खाली न उतरता हेच काम व्हावे, या हौसेतून अ‍ॅक्सल मधेच तोडण्याची यंत्रणा आली. १९८४ च्या जीप चेरोकीत पुढच्या अ‍ॅक्सलच्या एका बाजूचा लांब शाफ्ट दोन तुकड्यांचा केलेला होता. त्या तुकड्यांना जोडणारी दातेरी कडी एका काट्याने सरकवली जाई आणि काटा हलवी तो लवचीक पडद्याचा एक डबा. पडद्याच्या एका बाजूची हवा इंजिनाने शोषली की दुसऱ्या बाजूची वातावरणाची हवा पडद्याला ढकलते. कडी जुळली नाही, तर तो तुटका तुकडा डिफरन्शियलमध्ये मोकळाच गरगरतो आणि दुसऱ्या बाजूच्या चाकालाही बळ मिळत नाही. म्हणजे एका बाजूची नळी चिरली, तर दोन्ही चाके निकामी.

पण नळी गळाली म्हणजे यंत्राने नेमके काय करावे? मोटारींच्या जगात हा प्रश्न उभा राहण्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी रेल्वेने त्याचे उत्तर शोधले होते, आणि त्यासाठी फार मोठी किंमत मोजली होती.

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथून मुलांच्या सहलीची एक गच्च भरलेली गाडी निघाली. ७५ फुटांना एक फूट अशा चढावर इंजिन थकले. गाडीला व्हॅक्यूम ब्रेक होता, पण साधा: पोकळी निर्माण केली तर ब्रेक लागे, पोकळी गेली की सुटे. गाडीचा पुढचा भाग आधी वर न्यावा म्हणून कर्मचाऱ्यांनी डबे तोडले. त्याच क्षणी मागच्या डब्यांचा इंजिनाशी संबंध संपला, नळी उघडी पडली आणि ब्रेक नाहीसा झाला. चाकांखाली लावलेले दगड पुरले नाहीत. डबे उलटे घरंगळत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण मेले, त्यांत कितीतरी मुले होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला.

या ब्रेकमध्ये सारी रचना उलटी केलेली असते. गाडी धावते तोवर संपूर्ण नळीत पोकळी राखायची आणि तिच्या बळावर ब्रेक सुटा ठेवायचा. नळी फुटली, डबे सुटले किंवा कोणी साखळी ओढली, की बाहेरची हवा आत घुसते, सिलिंडरमधला दट्ट्या वर उचलला जातो आणि ब्रेक लागतो. भोर घाटात, जिथे ३७ फुटांना एक फूट असा, म्हणजे आर्माच्या दुप्पट चढ १८६३ पासून आगगाड्या चढत आल्या आहेत, तिथे या उलटेपणाचे मोल कोणाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

भारतीय रेल्वेने हाच ब्रेक स्वीकारला आणि पुढची कित्येक दशके तोच वापरला. गाझियाबाद हे हावडा, मुरादाबाद आणि मेरठकडच्या मार्गांना दिल्लीशी जोडणारे जंक्शन. हावडा-दिल्ली मार्गाचे विद्युतीकरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि गाझियाबादला विजेच्या इंजिनांची मोठी शेडही झाली. पण विजेचे इंजिन आले म्हणून व्हॅक्यूम गेला नाही. वाफेच्या इंजिनात वाफेचा झोत हवा खेचून काढी, नव्या इंजिनात एक्झॉस्टर नावाचे पंप तेच काम करू लागले, एवढाच फरक. इंजिनात पाऱ्याची सुमारे ५३ सेंटिमीटर पोकळी दिसली पाहिजे आणि गार्डच्या डब्यातला काटा तिच्याहून फार मागे राहता कामा नये. तो मागे राहिला, तर गळती या दोन काट्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. मग गाडीचे मनानेच दोन भाग करायचे, नळी मधे बंद करून पाहायची, दोषी अर्धा शोधायचा, त्याचे पुन्हा दोन भाग करायचे.

दाबाखालच्या नळीला साबणाचे पाणी लावले की बुडबुडा गळती दाखवतो. पोकळीची नळी ते पाणीच आत ओढते, बुडबुडा येतच नाही. तिथे कान लावून सुसकारा ऐकावा लागतो किंवा धुराची रेघ कुठे आत खेचली जाते ते पाहावे लागते. (पेट्रोलच्या इंजिनापाशी उदबत्ती घेऊन हा प्रयोग कृपया करू नये.)

मोटारीतही शोधाची रीत हीच आहे. पडद्याच्या डब्याला हातपंपाने थेट पोकळी द्यायची. काटा सरकला आणि पंपाचा काटा स्थिर राहिला, तर डबा निर्दोष; घसरला, तर पडदा फाटला. डबा ठीक असेल, तर इंजिनाकडे मागे सरकत जायचे: एक्झॉस्टच्या उष्णतेने कडक होऊन तडकलेल्या नळ्या, एकमार्गी झडप, ट्रान्सफर केसवरचा स्विच. या स्विचातून कधी तेल नळ्यांत शिरते. नळी कापल्यावर तेल निथळले, तर फक्त नळी बदलून भागणार नाही. दिव्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये, कारण चेरोकीत तोही पोकळीनेच लागे. काटा नीट सरकला आणि केवळ दिव्याची नळी चिरली, तरी अंधारच. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी आयती पोकळी मिळत नाही. तिथे वेगळा पंप असतो, बहुधा अल्टरनेटरला जोडलेला, आणि ब्रेकच्या बूस्टरलाही तोच पोसतो. अशा गाडीत पुढची चाके जुळेनाशी झाली आणि ब्रेकही जड लागू लागला, तर नळ्या चाचपण्याआधी पंप पाहावा.

एक मर्यादा मात्र कुठल्याही दुरुस्तीने जात नाही. पोकळी स्वतः काही ढकलत नाही, ढकलते ती बाहेरची हवा. लडाखच्या पाच हजार मीटर उंचीच्या खिंडींत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा असतो, म्हणजे पडद्याचे बळही त्याच प्रमाणात घटते. रेल्वेलाही हीच मर्यादा लांब मालगाड्यांत जाचू लागली. १९८० च्या दशकापासून भारतीय रेल्वे पाच किलो दाबाच्या हवेच्या ब्रेककडे वळत गेली. त्याच हावडा मार्गावर आता ‘कवच’ बसवले जात आहे. चालकाने लाल सिग्नल ओलांडू पाहिला, तर तेही शेवटी त्या ब्रेकच्या नळीतला दाबच उतरवते. आर्मानंतरचा उलटेपणा तसाच राहिला आहे.

चेरोकीच्या यंत्रणेत तो नव्हता. नळी गळाली की काटा जिथे असेल तिथेच राही आणि चालकाला त्याचा पत्ता लागे तो गाळात. वैतागून कित्येक मालकांनी पडद्याचा डबाच काढला आणि काट्याला हाताने ओढायची केबल लावली. फोर्डने २००४ च्या एफ-१५० मध्ये मांडणी फिरवली: पोकळी आहे तोवर पुढची चाके सुटी, पोकळी गेली की स्प्रिंग दाते भिडवणार. या गाडीत गळती अर्धवट असली तर दाते धड जुळतही नाहीत, सुटतही नाहीत, आणि कोरड्या, सपाट रस्त्यावरच पुढच्या चाकातून करकर ऐकू येऊ लागते. दाते झिजतात, खर्च येतो. पण मालक गॅरेजात पोहोचतो तो नदीकाठी रुतण्याआधी.