गॅस डिटेक्टरचे ‘शून्य’ खरे की खोटे? कॅलिब्रेशन सिलिंडरची जोडणी आणि वापर

बंद टाकीत उतरण्यापूर्वी हातातल्या गॅस डिटेक्टरवर ‘शून्य’ दिसले की कामगार निर्धास्त होतो. मात्र हे शून्य दोन कारणांनी दिसू शकते: हवा खरोखर स्वच्छ असते किंवा यंत्रातील संवेदक निकामी झालेला असतो. पडद्याकडे पाहून हा फरक कळत नाही. प्रमाण ठाऊक असलेला वायू यंत्राला देऊन पाहणे, हाच तो ओळखण्याचा मार्ग. त्यासाठी वापरला जाणारा लहान सिलिंडर म्हणजे कॅलिब्रेशन गॅस सिलिंडर.

गोव्यात धोका कुठे?

डिचोली तालुक्यातील आमोणे-नावेली परिसरात कच्चे लोखंड तयार होते. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. पेडणे तालुक्यातील मोरजी, मांद्रे, हरमल या किनारी गावांत घरांच्या व अतिथीगृहांच्या सेप्टिक टाक्या आहेत. तेथे हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात. सडक्या अंड्यासारख्या वासावरून हायड्रोजन सल्फाइड ओळखता येतो, हा समज घातक आहे. सुमारे १०० पीपीएमच्या पुढे नाकाची ती जाणीवच बधिर होते. विहीर उपसताना आत पेट्रोलचा पंप लावल्यासही कार्बन मोनॉक्साइड साचतो.

सेप्टिक टाक्या व गटारांच्या सफाईसंबंधीच्या २०१३च्या कायद्याखालील नियमांत, पुरवावयाच्या साधनांमध्ये चार वायू मोजणाऱ्या यंत्राचा समावेश आहे. कारखान्यांतील बंदिस्त जागांसाठी १९४८च्या कारखाने कायद्याच्या ३६व्या कलमाने सक्षम व्यक्तीची तपासणी व लेखी दाखला यांची अट घातली. गटारसफाईत मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दिला.

सिलिंडरमध्ये काय असते?

चार वायूंच्या यंत्रासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिश्रणात हायड्रोजन सल्फाइड २५ पीपीएम, कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएम, मिथेन २.५ टक्के, प्राणवायू १८ टक्के आणि उर्वरित नायट्रोजन असतो. मिथेन हवेत ५ टक्क्यांपासून पेट घेऊ शकतो, म्हणजे २.५ टक्के ही त्या मर्यादेची निम्मी पातळी. ज्वलनशील वायूचा उत्प्रेरक संवेदक प्राणवायूशिवाय काम करत नाही, म्हणून प्राणवायू मिश्रणातच ठेवलेला असतो. हायड्रोजन सल्फाइड साध्या पोलादाशी अभिक्रिया करून घटतो. त्यामुळे असे मिश्रण ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये भरतात.

जोडणीचा क्रम

१. लेबल वाचावे. वायू, प्रमाण व मुदत तपासावी. लेबलवरील आकडे आणि यंत्रात भरलेले आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. मुदत संपलेल्या सिलिंडरमध्ये दाब शिल्लक असला, तरी त्यातील वायूचे प्रमाण विश्वासार्ह राहत नाही.

२. योग्य रेग्युलेटर निवडावा. पंप नसलेल्या यंत्राला साधारणपणे मिनिटाला अर्धा लिटर असा स्थिर प्रवाह देणारा रेग्युलेटर लागतो. पंप असलेल्या यंत्राला मागणीनुसार वायू सोडणारा रेग्युलेटर वापरावा. अन्यथा पंप अडतो किंवा बाहेरची हवा मिसळून आकडा चुकतो.

३. रेग्युलेटर बंद ठेवून हातानेच घट्ट बसवावा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये.

४. नळी उत्पादकाने सांगितलेलीच आणि शक्य तितकी आखूड असावी. साधे रबर हायड्रोजन सल्फाइड शोषून घेते.

५. मोकळ्या, स्वच्छ हवेत यंत्राचे शून्य साधावे. तेथे प्राणवायू २०.९ टक्के दिसला पाहिजे. सुरू असलेल्या वाहनाजवळ किंवा जनरेटरशेजारी हे करू नये.

६. टोपी बसवून वायू सोडावा, आकडे स्थिर होऊ द्यावेत, नोंद जतन करावी. मग वायू बंद करून टोपी काढावी आणि आकडे पूर्ववत होतात का ते पाहावे.

७. काम संपल्यावर रेग्युलेटर काढून ठेवावा. सूक्ष्म गळतीनेही सिलिंडर रिता होतो.

चाचणी आणि कॅलिब्रेशन

‘बंप टेस्ट’मध्ये वायू देऊन यंत्र प्रतिसाद देते का आणि धोक्याची घंटा वाजते का, एवढेच पाहतात. ती दररोज वापरापूर्वी करावी, असे बहुतेक उत्पादक सांगतात. कॅलिब्रेशनमध्ये आकडा दुरुस्त केला जातो. ते उत्पादकाने दिलेल्या मुदतीत आणि चाचणी फसल्यास लगेच करावे. ५८ लिटरचा सिलिंडर मिनिटाला अर्धा लिटर या प्रवाहाने ११६ मिनिटे पुरतो. एका चाचणीला एक मिनिट धरल्यास शंभराहून अधिक चाचण्या होतात.

सिलिंडर सावलीत, हवेशीर जागी, पडणार नाही असा बांधून ठेवावा. उन्हातल्या गाडीत ठेवू नये. एकदाच वापरायचे सिलिंडर पुन्हा भरू नयेत.

प्रत्येक चाचणीची तारीख, यंत्राचा क्रमांक, सिलिंडरचा क्रमांक आणि करणाऱ्याची सही नोंदवहीत असावी. आत कोसळलेल्याला वाचवण्यासाठी तसाच उतरणारा दुसराही बळी ठरतो, हे अशा दुर्घटनांत वारंवार दिसते. म्हणून चाचणीत न उतरलेले यंत्र बाजूला ठेवावे आणि दुसरे तपासलेले यंत्र येईपर्यंत कोणालाही आत उतरू देऊ नये.