कापूस पडला की घरही अडतं

आजची गोष्ट १८६५ सालच्या मुंबईची आहे, पण सुरुवात आमच्या पहूरमधल्या एका घरापासून करतो.

काही वर्षांपूर्वी मी आणि एका मित्राने पहूर पेठेत जुनं धाब्याचं घर घेतलं. डागडुजी करायची, वर स्लॅब टाकायचा, सहा महिन्यांत विकून मोकळं व्हायचं, असा हिशोब. निम्मे पैसे व्याजाने आणलेले. घर तयार झालं आणि कापसाचा भाव बसला. गिऱ्हाईक यायचं, चहा घ्यायचं आणि म्हणायचं, "कापूस विकला गेला की बघू, भाऊ." कापूस तर लोकांनी भावाची वाट बघत घरातच भरून ठेवलेला! गावठाणातलं घर, हातात फक्त नमुना आठचा उतारा. अशा घरावर बँका सहजासहजी कर्ज देत नाहीत. म्हणजे गिऱ्हाईक रोखीचंच हवं, आणि आपल्याकडे रोख येते ती कापसातून. बावीस महिन्यांनी तोटा खाऊन घर विकलं.

आता मुंबईकडे येऊ. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसावर तुटून पडल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. हा पैसा गेला कुठे? जमिनीत. तीही समुद्राखालच्या! बॅक बेची खाडी भरून जमीन काढायची म्हणून कंपनी निघाली. तिच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० च्या घरात गेला. या खेळातलं सगळ्यात मोठं नाव प्रेमचंद रायचंद. बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून कर्ज वाटत होती. पुढच्या तारखेचे वायदे व्हायचे, म्हणजे आज सौदा आणि पैसे १ जुलै १८६५ ला. त्याआधीच चढ्या भावाने दुसऱ्याच्या गळ्यात मारू, हा प्रत्येकाचा बेत. आजही इसार देऊन प्लॉट अडवतात आणि खरेदीखताआधीच तिसऱ्याला विकतात, त्यातलाच प्रकार.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आल्याची खबर आली. कापूस कोसळला. जुलैची तारीख उजाडली तेव्हा देणेकरी सगळे होते, घेणारा कोणीच नव्हता. प्रेमचंद बुडाले, पाठोपाठ बँकही बुडाली. १८६८ मध्ये त्याच नावाने नवी बँक काढावी लागली.

आता खरी गंमत ऐका. जमिनीबद्दलचा त्या लोकांचा अंदाज चुकला नव्हता! १९२० च्या दशकात सरकारने बॅक बेची भरणी पुन्हा हाती घेतली आणि आज मरीन ड्राइव्हवरची जागा देशातल्या महागड्या जागांमध्ये मोजली जाते. पण वायद्याची मुदत होती काही महिन्यांची, आणि जमिनीला लागली साठ-सत्तर वर्षं.

आमचंही तेच झालं. घर वाईट नव्हतं, गावही वाईट नव्हतं. जमीन थांबू शकते, व्याज थांबत नाही. म्हणून आता कोणी मला विचारलं, "दादा, घर घेऊन फिरवू का?" तर मी भाव विचारत नाही. मी विचारतो, "कापसाची दोन वर्षं वाईट गेली, तर हप्ता कुठून भरशील?" उत्तर तयार असेल तर खुशाल घ्या.

भेटू पुढच्या भागात. राम राम.